छपरावर मावणारा सूर्याचा पाठलाग

उपग्रहांवर बसवतात ते सौरघट घराच्या छपरावर दिसत नाहीत, कारण ते भयंकर महाग असतात. त्यांत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक चढवलेले असतात आणि प्रत्येक थर प्रकाशातले आपापल्या वाट्याचे रंग टिपतो. सिलिकॉनच्या साध्या घटाची सैद्धांतिक मर्यादाच सुमारे २९ टक्के, म्हणजे पडलेल्या प्रकाशातल्या फार तर तेवढ्या ऊर्जेची वीज होते. थरांच्या घटातून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२२ मध्ये ४७.६ टक्के कार्यक्षमता मिळवली, पण सूर्यप्रकाश ६६५ पट एकवटून.

एकवटण्याची युक्ती दुहेरी फायद्याची. पाचशे पट प्रकाश पडला तर घट पाचशेपट लहान चालतो. शिवाय त्याचा व्होल्टेजही थोडा वाढतो. अडचण एकच, पण मोठी. भिंग जितकं प्रखर, तितका त्याचा नेम नाजूक. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे सूर्यबिंबाची प्रतिमा काही मिनिटांतच घटावरून घसरते. म्हणून असे पॅनल मोटरवर फिरणाऱ्या अवजड खांबांवर, मोकळ्या माळरानात बसवत. वाऱ्याने हलणारं हे धूड गच्चीवर कोण चढवेल?

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात नोएल गिबिंक यांच्या गटाने पॅनल स्थिरच ठेवलं. वर भिंगांची प्लास्टिकची चादर, खाली आरशांची, आणि मध्ये एक चौरस मिलिमीटरहून लहान घट चिकटवलेली पातळ काच. सूर्य सरकला की ही मधली काच आडवी सरकते. दिवसभरात जेमतेम सेंटिमीटरभर. मला यातली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत या रचनेची कार्यक्षमता ३० टक्के भरली, शेजारच्या बाजारी सिलिकॉन घटाची १७. दिवसभराची वीज ५४ टक्के जास्त.

मग बाजारात का नाही? सिलिकॉन इतकं स्वस्त झालं, की प्रकाश एकवटणाऱ्या पॅनलच्या कंपन्या एकामागून एक बाजूला झाल्या. फ्रान्सच्या सोइटेकने २०१५ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. दुसरं, भिंगाला थेट ऊन लागतं. ढगांतून झिरपणारा विखुरलेला प्रकाश ते एकवटू शकत नाही. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात असं पॅनल जवळपास आंधळंच.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या इनसोलाइट कंपनीने याच उणिवेचा उपयोग केला. भिंगांच्या तिच्या पारभासक पॅनलमधून एकवटता न येणारा विखुरलेला प्रकाश खाली जातो, म्हणून ती छपरांकडून शेतीकडे वळली आणि तिथेच असली पॅनल बेरीच्या रोपांवर मांडवासारखी उभारली.