लोकलमध्ये गाणी ऐकायची तर हेडफोन कानात घालायचे की कानावर बसवायचे?

हेडफोन घ्यायला गेलं की सगळे आधी बेस कसाय आणि बॅटरी किती चालते ते विचारतात, मग त्या शांत एसी दुकानात कानाला लावून बघतात आणि 'भारी आहे रे' म्हणून पैसे देऊन मोकळे होतात. पण वापरणार कुठे? लोकलच्या सेकंड क्लासमध्ये, एसटीत, शेअर रिक्षात. तिथे हेडफोनचा स्वतःचा आवाज कितीही गोड असूदे, तो बाहेरचा गोंगाट किती अडवतो त्याच्यावर तुमचा व्हॉल्यूम ठरतो. प्रवासासाठी घेताना मी तरी हे एकच आधी बघेन, बाकीचं सगळं नंतर.

चालत्या गाडीचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला असतो, चाकांची घरघर, मोटरचा गुणगुणाट, डब्याची थरथर. आपल्या कानाचा स्वभाव असाय की खालच्या पट्टीतला मोठा आवाज चालू असला की त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकले जातात, म्हणजे आधी डग्गा आणि बेस गिटार गायब होतात आणि हळूहळू गाण्याचे शब्दही नीट कळेनासे होतात. मग आपण काय करतो, बटण दाबत जातो वर वर, आणि ते इतकं नकळत होतं की स्टेशनात गाडी थांबली की एकदम गाणं किंचाळल्यासारखं वाटतं.

आता कानावर बसणारे, म्हणजे आख्खा कान झाकणारे मोठे नाही, कानावर गादी टेकते ते. कान काही सपाट नसतो, त्याला घड्या-उंचवटे असतात, त्यामुळे गादी आणि कान यांच्यात फटी राहतातच, चष्मा असेल तर काडीमुळे अजून एक. खालच्या पट्टीचे आवाज या फटींतून आरामात आत येतात, आणि गाण्यातला बेस त्याच फटींतून बाहेर निघून जातो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. घट्ट पट्टीचे घ्यावे तर फटी कमी होतात पण कानाची कूर्चा दाबली जाऊन तासाभरात ठणकायला लागते, मे महिन्यात तर गादीखाली घामाचं तळं साचतं ते वेगळंच.

१९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा सोबत असेच फोमचे हलके हेडफोन होते, बाहेरचं बरंचसं ऐकू यायचं. गंमत म्हणजे त्या वॉकमनवर एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि आतल्या माइकमधून बाजूच्याचं बोलणं ऐकू यायचं. आज इअरबडवाले ट्रान्सपरन्सी मोड म्हणून मोठ्या कौतुकाने विकतात ना, कल्पना तीच!

कानात जाणाऱ्या इअरफोनचं गणित वेगळंय. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, तिच्या तोंडाशी सिलिकॉनची टिप बुचासारखी बसली की मधल्या आणि वरच्या पट्टीतला बाहेरचा आवाज २० डेसिबलपेक्षाही (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) जास्त कमी होऊ शकतो. आता जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बघा, ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास, कारण डेसिबल ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. समजा एकजण डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज तासभर जातो आणि तासभर येतो, आणि फटीवाल्या हेडफोनमुळे ९० वर ऐकतो, तर त्याचा आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळीच संपला. टिप नीट बसवून ८० वर ऐकणाऱ्याचा रविवारपर्यंत पुरून उरतो. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत म्हणून हा हिशोब.

'कानात घातलेला जास्त वाईट, पडद्याच्या जवळ असतो' असं घरोघरी ऐकायला मिळतं. अंतराने काही होत नाही, पडद्यापर्यंत किती डेसिबल पोचतात त्याने होतं.

तरी या बुचाचाही त्रास आहे. कान बंद झाला की स्वतःचा आवाज घुमतो, चालताना पावलं डोक्यात धप धप वाजतात, कारण हाडांमधून कानाच्या नळीत येणारा कंप एरवी बाहेर निघून जातो तो आता आतच अडकतो. वैताग येतो खरा, पण टिप नीट बसली का बघायची हीच सोपी खूण, 'अं' करून बघा, आवाज घुमला नाही तर टिप लहान पडतेय. 'या इअरफोनला बेसच नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांनी डब्यातल्या बाकीच्या टिपा उघडूनसुद्धा बघितलेल्या नसतात, आणि दोन कानांना दोन वेगळ्या साइझ लागणंही अगदी कॉमन आहे.

नॉइज कॅन्सलिंग असेल तर उत्तमच, उलट्या लहरीने ते घरघरीसारखा सलग खालचा आवाज छान मारतं, पण हॉर्न किंवा रडणारं पोर त्याच्या हाती लागत नाही, ते टिपेनेच अडवायचं. आणि कानावरच्या फटीवाल्या हेडफोनमध्ये तेच तंत्र असलं तरी अर्धं फुकट जातं.

म्हणजे बसून किंवा लटकून प्रवास असेल तर कानातलेच. रस्त्याने चालायचं असेल, रूळ ओलांडायचे असतील, तर मात्र फटी हव्यातच, तिथे कानावरचे हलके फोमवाले बरे, किंवा मग एक बड सरळ खिशात. ज्यांचा कान सारखा वाहतो किंवा मळ पटकन साचतो त्यांनीही बुच टाळलेलं बरं, आणि बाकीच्यांनी टिपा काढून आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवाव्या, पूर्ण वाळवून मगच परत लावाव्या.