तिसरी पाळी आणि शरीरातलं घड्याळ

‘बाबांची तिसरी पाळी, म्हणजे रातपाळी आहे, आवाज करू नका.’ ठाण्यातल्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीच्या आजूबाजूच्या चाळींत कित्येक मुलं हे ऐकत मोठी झाली. खिडकीवर चादर टांगलेली, रेडिओ बंद आणि भर दुपारी झोपायची धडपड करणारा माणूस. त्याची तक्रार झोपेपेक्षा पोटाचीच जास्त असायची: ॲसिडिटी, वेळीअवेळी भूक, सुटलेलं पोट. ‘जागरणाने होतं’ असं म्हणून घरचे विषय संपवत.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात झाली, तीही वागळे इस्टेटमधल्याच समारंभाने. गंमत अशी, की त्याच दिवशी मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत घड्याळाविना, उन्हाविना राहत होता. झोपताना आणि उठताना तो वर फोन करून कळवायचा. १४ सप्टेंबरला मुक्काम संपल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. डोक्यातला हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला, पण झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र साधारण साडेचोवीस तासांवर टिकून होतं.

असं आतलं घड्याळ झाडांत आधीच दिसलं होतं. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच अभ्यासकाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं रोजच्या वेळेला उघडत-मिटत राहिली. माणसाची पाळी यायला दोनशेहून अधिक वर्षं गेली. जर्मनीत युर्गेन आशोफ यांनी जमिनीखालच्या बंकरमध्ये स्वयंसेवकांना ठेवून पाहिलं. आपल्याकडे मदुराईत एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांवर आणि माणसांवरही असे प्रयोग केले. पुढे माशीच्या जनुकांतून या घड्याळाची यंत्रणा उलगडली आणि त्यासाठी २०१७ चं नोबेल मिळालं. तो तपशील इथे सोडून देतो, कारण रातपाळीवाल्याचं दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे.

मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने जुळतं. त्याच्या इशाऱ्यावर अंधार पडला की रात्र झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं आणि पहाटेकडे जागं व्हायला तयार करणारं कॉर्टिसोल चढू लागतं. पण यकृत, स्वादुपिंड, चरबी यांचीही आपापली घड्याळं असतात. २००० साली जिनिव्हातल्या प्रयोगशाळेत निशाचर उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं, तेव्हा त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं फिरलं. मेंदूचं जागचं हललं नाही. कारखान्यातल्या माणसाचंही काहीसं असंच होतं. कॅंटीनमध्ये रात्री दोन वाजता बटाटेवडा येतो, तेव्हा रक्तात मेलाटोनिन भरपूर असतं आणि स्वादुपिंड साखर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिन सोडायला कुचराई करतं. तोच वडा सकाळी खाल्ला तर रक्तातली साखर जितकी चढेल, त्याहून रात्री जास्त चढते आणि उतरायलाही वेळ घेते.

२००९ मध्ये अमेरिकेत दहा जणांना अठ्ठावीस तासांच्या ‘दिवसा’वर ठेवलं गेलं. खाणं-झोपणं शरीराच्या वेळेच्या अगदी उलट पडलं, तेव्हा पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १७ टक्क्यांनी घटलं. साखर वाढली. ज्या आठ जणांची पुरेशी माहिती मिळाली, त्यांतल्या तिघांचे जेवणानंतरचे आकडे थेट मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेले, आणि तेही काही दिवसांतच. इथे मला त्या बाबांची अवेळी भूक आठवते. आम्ही तिला खादाडपणा म्हणायचो.

मराठीत ‘पाळी’चा दुसरा अर्थ आहेच. पाळ्या बदलत काम करणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासांत मासिक पाळी अनियमित असण्याचं प्रमाण जास्त आढळलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घड्याळ बिघडवणाऱ्या रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्रियांना रात्री काम करायला मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून ती अटींसह सैल केली. समान संधीच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण रातपाळी मुळात किती जणांना आणि किती दिवस द्यायची, हा प्रश्न पुरुषांच्या बाबतीतही कुणी फारसा विचारलेला नाही.

दरम्यान ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखान्यांच्या शेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथे भोंगा नाही, काम अमेरिकेच्या वेळेने चालतं. दर मार्चमध्ये तिकडे घड्याळं तासभर पुढे सरकतात, आणि ऐरोलीतल्या पोरांना घ्यायला येणारी गाडी एक तास आधी दारात उभी राहते.