मार्च मॅडनेस: क्रमवारी आणि मानांकन यांत गल्लत नको

2014 मध्ये विचिटा स्टेटचा संघ सलग 34 सामने जिंकून, एकही पराभव न पाहता एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, पुरुषांच्या बाद पद्धतीच्या बास्केटबॉल स्पर्धेत उतरला. हिलाच मार्च मॅडनेस म्हणतात. अर्थातच पहिलं मानांकन (सीड). दुसऱ्या फेरीत आठवं मानांकन असलेल्या केंटकीने त्यांना 78-76 असं घरी पाठवलं. मात्र हा केंटकी मोसम सुरू होण्यापूर्वी एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत चक्क पहिला होता. मध्ये त्यांची गाडी घसरली, स्पर्धेच्या तोंडावर ते पहिल्या 25 मध्येही नव्हते; पण अंगात खेळ होताच, आणि तो संघ पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला.

इथे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. क्रमवारी म्हणजे एक सरळ यादी: देशात कोण कितवा. एपीची यादी क्रीडापत्रकारांच्या मतांवर ठरते. नेट नावाची दुसरी यादी निकाल, प्रतिस्पर्ध्यांची ताकद वगैरे हिशेबात धरून संगणक काढतो. या याद्या संघाबद्दल मत देतात, त्याला कुठल्याही सामन्यात बसवत नाहीत. नेटमध्ये पहिल्या तिसांत असूनही 2024 मध्ये इंडियाना स्टेटला स्पर्धेत जागाच मिळाली नाही.

मानांकन देते 12 जणांची निवड समिती. 68 संघ (चार जण आधीच्या प्राथमिक लढतींतच गळतात), चार विभाग, प्रत्येक विभागात 1 ते 16. म्हणजे ‘आठवं मानांकन’ असलेले संघ चार असतात आणि त्यांची देशातली जागा समितीच्या हिशेबाने साधारण 29 ते 32 मध्ये पडते. टेनिसमध्ये 128 पैकी 32 खेळाडूंनाच मानांकन मिळतं. इथे सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे आकडा मोठा मानाचा वाटतो, तेवढा तो असतोच असं नाही. शिवाय एकाच कॉन्फरन्समधले (मोसमभर आपसांत खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटातले) बलाढ्य संघ लगेच भिडू नयेत वगैरे नियम पाळताना एखादा संघ एका पायरीने वरखालीही सरकवला जातो.

क्रमवारी मागे पाहते आणि मानांकन पुढची वाट आखतं, हा खरा फरक. पहिल्या मानांकनाला पहिल्या फेरीत सोळावं मिळतं, दुसऱ्याला पंधरावं. 1985 ते 2025 या काळात 1 विरुद्ध 16 असे 160 सामने झाले आणि सोळाव्याने फक्त दोन जिंकले: 2018 मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं, 2023 मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 असं हरवलं. पंधराव्याने दुसऱ्याला 11 वेळा पाडलं.

आता यातलं श्रेय किती मानांकनाचं आणि किती संघाच्या मुळातल्या ताकदीचं? वरच्या टोकाला हे वेगळं काढणं कठीण, कारण उत्तम संघालाच सोपी वाट मिळते. मधल्या भागात मात्र वाटेचा परिणाम उघडा पडतो. आठव्या-नवव्याची आपसातली लढत जवळपास बरोबरीची. पण जिंकणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा पहिलं मानांकनच येतं. बाराव्याची गाठ त्याच्याशी तिसऱ्या फेरीत पडू शकते, दहाव्या-अकराव्याची तर चौथ्या फेरीत. परिणाम गमतीचा आहे: शेवटच्या 16 संघांत दहावी, अकरावी, बारावी मानांकनं आठव्या-नवव्यापेक्षा जास्त वेळा पोहोचली आहेत. कागदावर ती खालची, वाट मात्र बरी! आठवं मिळालं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या चाहत्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

एखाद्या मानांकनाने आजवर किती विजेतेपदं मिळवली, या आकडेवारीवर मात्र फार विसंबू नये. पाचव्या मानांकनाचा संघ 2025 पर्यंत एकदाही विजेता झालेला नाही. आठव्याचा झाला आहे, 1985 चा व्हिलानोवा. यावरून आठवं पाचव्यापेक्षा भलं असा निष्कर्ष कोणी काढू नये. वर्षाला एकच विजेता, नमुना फारच लहान.

आणखी एक गोष्ट: फेरी संपल्यावर इथे तक्ता नव्याने मांडत नाहीत. बलाढ्य संघ पडला की त्याची सोपी वाट त्याला पाडणाऱ्याला मिळते. 2018 मध्ये दक्षिण विभागात पहिली चारही मानांकनं दोन फेऱ्यांतच गारद झाली. अकराव्या मानांकनाचा लोयोला शिकागो त्याच विभागातून सहाव्या, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्याला हरवत अंतिम चारांत पोहोचला. पहिल्या-दुसऱ्याशी गाठ पडलीच नाही. 2021 मध्ये हाच लोयोला एपी क्रमवारीत 17 वा होता. त्या हिशेबाने पाचवं मानांकन शोभलं असतं, मिळालं आठवं. त्यामुळे दुसऱ्याच फेरीत समोर पहिल्या मानांकनाचा इलिनॉय! लोयोलाने त्यांना 71-58 असं हरवलं. इलिनॉयचे समर्थक समितीवर चिडले असतील तर ते अगदीच चुकीचं नव्हतं. लोयोला मग पुढच्याच सामन्यात बाराव्या ओरेगॉन स्टेटकडून हरला.