हिरोशिमाच्या वाटेवरचं ओकायामा आणि आपली सिंहगड रोडची बाग

पुण्यातून जपानला जाणाऱ्यांच्या प्लॅनमध्ये हिरोशिमाची एक दिवसाची ट्रिप हमखास असते, ओसाकाहून सकाळी शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन पकडायची, पीस पार्क बघायचं आणि रात्री परत. त्याच लाईनवर मध्ये ओकायामा लागतं, तिथे फार कोणी उतरत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला आपण सगळे ओकायामा गार्डनच म्हणतो, ते ज्या कोराकुएन बागेवरून केलंय ती बाग तिथे आहे, आणि ते शहरसुद्धा युद्धात बेचिराख झालेलं आहे.

झालं असं की मार्च १९४५ मध्ये अमेरिकेने बॉम्बिंगची पद्धतच बदलली. आधी दिवसा, खूप उंचावरून कारखाने टिपायचा प्रयत्न चालायचा, तो काही जमेना, मग जनरल कर्टिस लमे यांनी रात्री कमी उंचीवरून थेट वस्त्यांवर आग लावणारे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. घरं लाकडाची आणि एकमेकांना खेटून, एक पेटलं की अख्खी आळी जायची. आधी टोकियो, नागोया, ओसाका, कोबे, आणि ती जाळून झाल्यावर जूनच्या मध्यापासून मधल्या आकाराच्या शहरांचा नंबर लागला. ओकायामावर २९ जूनच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास १३८ बी-२९ बॉम्बफेकी विमानं आली. सायरन वाजलाच नाही, लोक झोपेतच होते. दीडेक तासात शहराचा साठ टक्क्यांहून जास्त भाग जळाला आणि १७०० हून जास्त माणसं गेली. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडायला अजून पाचेक आठवडे होते. अणुबॉम्बचं आपल्याला शाळेपासून माहीत असतं पण त्याच्या आधी साध्या आगीने किती शहरं संपवली ते कोणी फारसं सांगतच नाही, आणि ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री किल्लाही गेला. १५९७ मध्ये तिथला सरदार उकिता हिदेइएने पूर्ण केलेला, काळ्या लाकडाचा, म्हणून लोक त्याला कावळ्यांचा किल्ला म्हणतात. आता दिसतो तो मुख्य बुरूज १९६६ चा, काँक्रीटचा. पण तिथेच आवारात मूळ बुरुजाच्या पायाचे दगड जसे होते तसे मांडून ठेवलेत, ते चुकवू नका, आणि चांदणं बघायला बांधलेला छोटा बुरूज मात्र आगीतून वाचलाय. (पुण्यानेही असलं भोगलंय, १६३० च्या आसपास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला, मग जिजाऊंनी ते परत वसवलं.)

कोराकुएन नदीच्या पलीकडे, किल्ल्यासमोरच. नंतरचा तिथला सरदार इकेदा त्सुनामासाने १६८७ ला काम सुरू केलं, १७०० मध्ये बाग झाली. १९३४ च्या पुरात आणि नंतर १९४५ मध्ये तिची वाट लागली, मुख्य वास्तू एन्योतेई जळाली, ती १९६० मध्ये परत उभी राहिली. हे जमलं कारण एदो काळातली (१६०३ ते १८६८) चित्रं आणि नकाशे जपलेले होते, कुठे तळं, कुठे टेकाड, कुठली पायवाट, सगळं कागदावर होतं. आगीतून वाचलेल्या वास्तूंपैकी एक म्हणजे र्‍यूतेन, खालून उघडा मांडव, त्याच्या मधून ओढा वाहतो आणि त्यात रंगीत दगड ठेवलेत. पाण्यात पाय सोडून बसणारी माणसं बघितली की आपल्याकडचा रविवार आठवतो. बागेतले क्रौंच पक्षीही युद्धात संपले होते, नंतर १९५६ मध्ये चीनचे लेखक गुओ मोरुओ यांनी दोन पाठवले, ते ओकायामातच शिकलेले.

ओकायामाहून हिरोशिमा शिंकान्सेनने पाऊण तासाच्या आत. सकाळी लवकर उतरलात तर बाग आणि किल्ला जेवणाच्या आत होतो, पुढे हिरोशिमाच्या म्युझियमला मात्र दोन तास तरी ठेवा, तिथे घाई करू नका.