ई-मेल सर्व्हरचे स्थलांतर

कार्यालयाची मेल खाती, त्यांतला जुना पत्रव्यवहार आणि नव्या मेलची आवक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याचे काम. सीएची पेढी, वकिलांचे ऑफिस, छोटा कारखाना अशा ठिकाणी वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळालेली मेलसेवा अपुरी पडू लागली की हे काम निघते. मेलचा पत्ता मात्र बदलत नाही, कारण तो डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर, अवलंबून असतो. त्यामुळे डोमेनचा लॉगिन कोणाकडे आहे हे आधी शोधावे. बरेचदा तो वेबसाइट करून देणाऱ्याकडेच राहिलेला असतो.

आवक कुठे जायची हे डोमेनच्या एमएक्स रेकॉर्डवरून ठरते. ही नोंद इतर सर्व्हर टीटीएलच्या मुदतीपर्यंत आपल्याजवळ साठवून ठेवतात. मुदत ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर बदलानंतरही दिवसभर काही मेल जुन्या सर्व्हरवर पडत राहतात. म्हणून ती एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणतात. नवा सर्व्हर थोडा वेळ बंद राहिला तरी घाबरण्याचे कारण नाही. पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. खरा घोटाळा होतो तो सर्व्हर चालू असून खाते उघडलेले नसताना: ५५० क्रमांकाचा नकार देऊन मेल तत्काळ परत जाते. ‘इन्फो’, ‘अकाउंट्स’ यांसारखे, कोणा एकाच्या नावाचे नसलेले पत्ते असेच राहून जातात.

जुने मेल आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने, नेता येतात. आयमॅपसिंक हे साधन आधी नेलेले मेल सोडून उरलेलेच उचलते, त्यामुळे ते बदलाच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा चालवणे उत्तम. पण पॉप पद्धतीने मेल घेणाऱ्या संगणकाची गोष्ट निराळी. तिथे मेल उतरवून घेतल्यावर अनेकदा सर्व्हरवरून पुसले जातात आणि सगळा पत्रव्यवहार आउटलुकच्या एकाच पीएसटी फाइलमध्ये साठतो. अकाउंटंटच्या टेबलावरची ती फाइल हीच अनेकदा कार्यालयाची एकमेव प्रत असते. काहीही हलवण्यापूर्वी तिचा बॅकअप घ्यावा, यावर तडजोड नको. कॅलेंडर आणि संपर्कयादी आयमॅपने येत नाहीत. त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

जावकीसाठी नव्या सर्व्हरचे नाव एसपीएफ नोंदीत (डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी) घालावे आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सुरू करावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला यांपैकी एक तरी आवश्यक आहे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जुन्या ओळीतच भर घालण्याऐवजी खाली दुसरी ओळ जोडली की तपासणी फसते, आणि बिले ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊ लागतात.

स्कॅन करून थेट मेल करणारे झेरॉक्स मशीन आणि बिले पाठवणारे टॅली यांत जुना पासवर्ड तसाच असतो. वेबसाइटचा चौकशी-फॉर्म अधिक फसवा. वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर असेल, तर तो सर्व्हर या डोमेनची मेल आपल्याकडेच आहे असे धरून चालतो; एमएक्स न पाहता चौकशा जुन्या मेलबॉक्समध्ये टाकतो आणि पाठवणाऱ्याला त्रुटीही दिसत नाही. सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळण्याचे पॅनेल) ईमेल रूटिंग ‘लोकल’वरून ‘रिमोट’ केले की हे थांबते. जुनी सेवा निदान महिनाभर चालू ठेवून तिथला इनबॉक्स रोज उघडून पाहावा, तो अशा चुकलेल्या मेलसाठीच.