चिलीचं पातेलं आणि टर्लिंग्वाची वाट

टर्लिंग्वा हे गाव टेक्ससच्या पार पश्चिम भागात, मेक्सिकोच्या हद्दीला चिकटून आहे. एके काळी इथं पाऱ्याच्या खाणी होत्या. चिसोस मायनिंग कंपनीनं १९४२ मध्ये दिवाळं काढलं, पुढच्या काही वर्षांत कामगार पांगले आणि मागं राहिल्या छपरं उडालेल्या भिंती. जवळचं बऱ्यापैकी गाव म्हणजे अल्पाइन, तेही ऐंशीएक मैलांवर. विमानानं यायचं तर मिडलंड किंवा एल पासोला उतरायचं आणि पुढं चार-पाच तास गाडी हाणायची. तरीही नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तंबू, ट्रेलर, गॅसच्या शेगड्या आणि पाण्याचे कॅन घेऊन हजारो माणसं तिथं पोचतात. कशासाठी, तर मांसाच्या तांबड्या रश्श्याची स्पर्धा लढायला.

टेक्ससमध्ये आणि आसपासच्या राज्यांत वर्षभर गावोगाव चिली स्पर्धा भरतात. त्यांतल्या बहुतेकांची नजर या उजाड जागेकडे असते. अंतिम फेरी डॅलस किंवा ह्यूस्टनला का नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर स्वयंपाकात सापडत नाही, जाहिरातबाजीत सापडतं.

आधी पदार्थाबद्दल. इथं चिली म्हणजे मिरची नव्हे, ‘चिली कॉन कार्ने’ म्हणजे मिरचीत शिजवलेलं मांस. मिरची मूळची त्याच खंडातली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्यावर चालायचा. टेक्ससच्या चिलीचा जीव आंचो या सुक्या मिरचीत आहे. आंचोचं काम साधारण आपल्या ब्याडगीचं: रंग भरपूर, तिखट बेताचं. लवंगीच्या अपेक्षेनं वाटी तोंडाला लावणारा कोल्हापुरी माणूस तिथं हमखास निराश होईल.

या पदार्थाला नाव मिळवून दिलं सॅन अँटोनियोच्या बायकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मिलिटरी प्लाझात संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायका लाकडी मेजं मांडून, कंदील लावून चिलीची पातेली उघडत. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा ठेला लागला. त्याच दशकात न्यू ब्राउनफेल्समधल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थानं मिरचीची तयार पूड बाटलीत भरून विकायला काढली. मिरची वर्षभर हाताशी आल्यावर चिली घरोघर गेली. चौकातल्या बायकांवर मात्र १९३७ मध्ये आरोग्य खात्यानं स्वच्छतेचा बडगा उगारला, आणि थोड्याच वर्षांत ती मेजं कायमची उठली. पुढच्या सगळ्या स्पर्धांच्या गोष्टीत या बायकांचं नाव क्वचितच येतं. मला ते खटकतं.

स्पर्धेची गोष्ट सुरू होते ती पुरुषांच्या गप्पांच्या फडातून. १९५१ मध्ये डॅलसमध्ये काही शौकिनांनी ‘चिली ॲप्रिसिएशन सोसायटी इंटरनॅशनल’ हे भारदस्त नाव घेऊन मंडळ काढलं. आज सगळे त्याला ‘कासी’ म्हणतात. डॅलसच्या वर्तमानपत्रातले सदरलेखक फ्रँक टोलबर्ट यांचं चिलीवरचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. त्याचा गाजावाजा व्हावा म्हणून एखादी लढत लावून द्यावी असा बेत शिजला. बेव्हर्ली हिल्समधले प्रसिद्ध हॉटेलवाले डेव्ह चेसन यांना उतरवायचं घाटत होतं, पण ते आजारी पडले. तेवढ्यात न्यूयॉर्ककडच्या एच. ॲलन स्मिथ या विनोदी लेखकानं ऑगस्ट १९६७ च्या एका मासिकात लिहिलं की चिलीतलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. वर त्याच्या पाककृतीत टोमॅटो, ढब्बू मिरची आणि राजमासुद्धा! टेक्ससमध्ये चिलीत राजमा घालणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात हळद घालण्यासारखं. आव्हान द्यायला आणखी काय हवं होतं?

जागा पुरवली डेव्हिड विट्स या डॅलसच्या वकिलानं आणि त्याचा मित्र कॅरोल शेल्बी यानं. हा तोच शेल्बी, १९५९ ची ल मान्सची मोटारशर्यत जिंकणारा आणि पुढं कोब्रा गाड्या काढणारा. दोघांनी टर्लिंग्वाच्या परिसरात जवळजवळ दोन लाख एकर रान घेऊन ठेवलं होतं, आणि ते विकायचं तर लोकांना गावाचं नाव तरी माहीत व्हायला हवं होतं. टोलबर्टच्या पुस्तकाला लढत हवी होती, यांच्या जमिनीला गर्दी हवी होती. टर्लिंग्वा ठरलं ते असं.

२१ ऑक्टोबर १९६७. एका बाजूला स्मिथ, दुसऱ्या बाजूला टेक्ससचा पत्रकार विक फाउलर. परीक्षक तीन. त्या मुलखातली जुनीजाणती पशुपालक हॅली स्टिलवेल हिनं मत दिलं चक्क पाहुण्या स्मिथला. बिअर कंपनीच्या माणसानं दिलं फाउलरला. निर्णायक मत होतं विट्सचं, आणि तो त्या ओसाड गावचा हौशी ‘महापौर’ही होता. त्यानं चमचा तोंडात घातला, थुंकला, माझी जीभ कामातून गेली असं जाहीर केलं आणि लढत बरोबरीत सोडवून पुढच्या वर्षावर ढकलली. निकाल लागला असता तर पुढच्या वर्षी कोण आलं असतं? १९६८ मध्ये तर बुरखेधाऱ्यांनी मतपेटीच पळवली असं सांगतात. त्याही वर्षी निकाल नाही.

एवढा पोरखेळ, पण लोक यायचे थांबले नाहीत. १९७० मध्ये सॅन मार्कोसला ‘चिलिंपियाड’ सुरू झालं, आणि त्यात स्वयंपाकाला बायकांना मज्जाव! जो पदार्थ बायकांनी चौकात उभं राहून मोठा केला, त्याच्याच स्पर्धेत ही तऱ्हा. मग बायकांनी लुकेनबाखमध्ये आपली वेगळी स्पर्धा मांडली, आणि १९७४ मध्ये अलेगानी जानी मॅकलॉ हिनं थेट टर्लिंग्वाच जिंकलं. तिथली ती पहिली विजेती. १९७७ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं.

फाटाफूट व्हायचीच होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात शेल्बी आणि त्याचा जोडीदार सी. व्ही. वुड यांनी आपली स्पर्धा कॅलिफोर्नियात नेली. त्यातून ‘इंटरनॅशनल चिली सोसायटी’ उभी राहिली. १९८३ मध्ये टोलबर्ट आणि कासी यांचंही बिनसलं. तेव्हापासून टर्लिंग्वात एकाच शनिवारी दोन स्पर्धा होतात: एक कासीची, स्वतःच्या माळावर, आणि दुसरी टोलबर्ट-फाउलर नावाची, जिला जुने लोक ‘दुकानामागची’ म्हणतात. मंडळ फुटलं की दोन गणपती बसतात, हे आपल्याला समजावून सांगायला नको. दरम्यान फाउलर आणि शेल्बी या दोघांच्याही नावाचे चिली मसाल्याचे पुडे बाजारात आले होते.

या भांडणांतूनच आजचा प्रवास जन्माला आला. कासीच्या स्थानिक शाखांना ‘पॉड’ म्हणतात, म्हणजे मिरचीची शेंग. मान्यताप्राप्त स्पर्धेत पहिल्या दहांत आलं की गुण मिळतात, आणि वर्षभरात पुरेसे गुण साठले की टर्लिंग्वाचं दार उघडतं. म्हणून हे ‘चिलीहेड’ लोक शनिवारी एका गावी, रविवारी शेजारच्या गावी असं जोडून घेतात. एका फेरीच्या पेट्रोलमध्ये दोनदा नशीब आजमावता येतं. बहुतेक ठिकाणी जमलेला पैसा गावातल्या एखाद्या धर्मादाय कामाला जातो.

मैदानावरचा खेळ दिसतो तसा रांगडा नसतो. मांस कच्चंच आणायचं, आधी मुरवलेलं चालत नाही, शिजवायचं ते जागेवर आणि त्याच दिवशी. मांसाचे तुकडे चण्यापेक्षा थोडे मोठे. मसाला एकदम पडत नाही, ठरल्या वेळी हप्त्याहप्त्यानं पडतो. एकेका हप्त्याला ते ‘डंप’ म्हणतात. दोनअडीच तासांनी सगळ्यांना सारखेच पांढरे पेले मिळतात. पेल्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा जोड स्वयंपाक्याच्या खिशात असतो. परीक्षक वास, तांबडा रंग, दाटपणा, चव आणि गिळल्यानंतर मागं उरणारी चव बघतात आणि एकच आकडा लिहितात. दोन पेल्यांच्या मध्ये सेलरीचा दांडा, चीज, द्राक्षं किंवा घोटभर बिअर, कारण आधीच्या तिखटाचा डाग पुढच्या सौम्य चिलीवर पडतो. निकालाला नाव पुकारत नाहीत, आकडा पुकारतात, आणि मग मैदानभर खिसे चाचपले जातात.

जायचा विचार असेल तर आधी स्पर्धा कुणाच्या मान्यतेची ते बघावं. एका संस्थेचे गुण दुसरीकडे धरले जातील असं मानून तीनशे मैल जाऊ नये. इंटरनॅशनल चिली सोसायटीच्या नियमात गोमांसच हवं असा आग्रह नाही, कोणतंही मांस चालतं. टेक्ससमधल्या बऱ्याच मराठी घरांना हे सोयीचं पडेल. त्यांच्याकडे तांबडी, हिरवी असे वेगवेगळे गट आहेत. तांबड्या गटात राजमा आजही बाद. ‘घरगुती’ नावाच्या गटात मात्र त्याला जागा आहे, म्हणजे ज्या राजम्यावरून १९६७ मध्ये स्मिथला वाळवंटात बोलावलं, तो आता नियमात बसला आहे.