थायमस ग्रंथी आणि टी पेशींची परिपक्वता

थायमस ही उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर असलेली दोन खंडांची मऊ लसीकाभ (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) ग्रंथी. मराठी पाठ्यपुस्तकांत हिला यौवनलोपी ग्रंथी असेही म्हणतात. अस्थिमज्जा आणि थायमस हे प्राथमिक लसीकाभ अवयव आहेत. लसीका ग्रंथी, प्लीहा, टॉन्सिल आणि आतड्याच्या भिंतीतील लसीकाभ ऊतक हे दुय्यम. रोगजंतूंशी पेशींची गाठ पडते ती दुय्यम अवयवांत, पण तिथे पोचण्याआधी त्यांची घडण प्राथमिक अवयवांत झालेली असते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी अस्थिमज्जेत घडतात. संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या टी पेशींच्या पूर्वज पेशीही अस्थिमज्जेतच जन्मतात, मात्र अपक्व अवस्थेतच रक्तावाटे थायमसमध्ये येतात.

ग्रंथीचा बाहेरचा दाट भाग म्हणजे बाह्यक आणि आतला विरळ भाग म्हणजे मध्यक. पूर्वज पेशी या दोहोंच्या सीमेवर आत शिरतात आणि आधी बाह्यकाच्या कडेकडे सरकतात. तेथील अभिस्तर (अस्तराच्या) पेशींकडून मिळणाऱ्या नॉच नावाच्या संदेशामुळे त्या टी पेशी होण्याच्या वाटेला लागतात. या टप्प्यावर त्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ आणि सीडी८ यांपैकी एकही प्रथिन नसते.

पुढचे काम ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा ओळख पटवणारा रेणू, तयार करण्याचे. टी पेशीचा ग्राही एखाद्या तयार जनुकातून उतरत नाही. आरएजी-१ आणि आरएजी-२ ही प्रथिने डीएनए ठरावीक जागी कापतात, दुसरी विकरे तुकडे सांधतात आणि सांधताना काही घटक वाढतात, काही गळतात. आधी ग्राहीची बीटा साखळी जुळते. ती जुळली नाही तर पेशी मरते. जुळली तर पेशी झपाट्याने विभागते, सीडी४ आणि सीडी८ दोन्ही धारण करते आणि अल्फा साखळी जुळवू लागते. हे सारे यदृच्छेने घडत असल्याने प्रत्येक पेशीचा ग्राही वेगळा निघतो. त्यांत उपयोगी असतात, निकामी असतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटणारेही असतात. थायमसला टी पेशींची शाळा म्हणण्याची पद्धत आहे, पण इथे पेशीला शिकवले काहीच जात नाही. ग्राही एकदा ठरला की राहते ती फक्त निवड.

निवडीची पहिली पायरी बाह्यकात पार पडते. शरीरातील पेशी प्रथिनांचे लहान तुकडे एमएचसी रेणूंवर बसवून दाखवतात आणि टी पेशीला ते तुकडे याच रेणूंवर ओळखता यायला हवेत. ज्या ग्राहीला स्वतःच्या शरीराचे एमएचसी रेणू मुळीच धरता येत नाहीत, त्या पेशीला जगण्याचा संदेश मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत ती मरते. बहुसंख्य पेशी इथेच संपतात. वर्ग-२च्या एमएचसीला जुळणारी पेशी सीडी४ राखते आणि पुढे साहाय्यक पेशी होते. वर्ग-१ला जुळणारी सीडी८ राखते आणि मारक पेशी होते.

दुसरी पायरी मुख्यतः मध्यकात. स्वतःच्या प्रथिनांना फार घट्ट चिकटणाऱ्या पेशी इथे नष्ट केल्या जातात. प्रश्न असा, की स्वादुपिंडातले इन्सुलिन छातीतल्या ग्रंथीत दिसणार कसे? याचे उत्तर प्रतिकारशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे. मध्यकातील अभिस्तर पेशी एआयआरई या प्रथिनाच्या मदतीने शरीरातील इतर अवयवांची हजारो प्रथिने अल्प प्रमाणात स्वतःच तयार करतात. या प्रथिनाचे जनुक १९९७ मध्ये सापडले आणि त्याचे हे कार्य २००२ मध्ये उंदरांत स्पष्ट झाले. ते जनुक सदोष असलेल्या व्यक्तींत परावटू (पॅराथायरॉइड) आणि अधिवृक्क (अॅड्रीनल) ग्रंथींवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. हा आजार दुर्मिळ आहे. फिनलंडमध्ये तो तुलनेने अधिक आढळतो.

तरुण उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे ५ कोटी नव्या पेशी तयार होतात, बाहेर पडतात जेमतेम १० ते २० लाख.

चाळणी पक्की मात्र नसते. काही स्वविरोधी पेशी निसटतात, तर काहींना मारण्याऐवजी नियामक, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या, पेशी बनवले जाते. उंदराच्या पिलाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर त्याचे स्वतःचे अवयव प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याला बळी पडतात. या कोड्याच्या मागे लागून शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी पेशी ओळखल्या. त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल मिळाले.

इतक्या महत्त्वाच्या ग्रंथीला १९६० पर्यंत जवळपास निरुपयोगी मानले जाई. प्रौढ प्राण्यांतून ती काढली तरी विशेष बिघडत नसे, कारण तोवर टी पेशी शरीरभर पसरलेल्या असतात. लंडनच्या चेस्टर बेटी संस्थेत झाक मिलर हे उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते आणि त्यासाठी त्यांना नवजात पिलांची थायमस काढावी लागली. ती पिले खंगली, त्यांच्या लसीका पेशी घटल्या आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचाही त्यांच्या शरीराने नाकारली नाही. हा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या अज्ञानाची किंमत मुलांनी मोजली होती. दीर्घ आजाराने थायमस आक्रसते. शवविच्छेदनात अशाच ग्रंथी पाहण्याची सवय झालेल्या डॉक्टरांना निरोगी बाळाची ग्रंथी रोगट वाटे, आणि ती लहान करण्यासाठी क्ष-किरण दिले जात. अशा मुलांत पुढे अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले.

वयात आल्यानंतर थायमसची जागा हळूहळू चरबी घेते. तरी प्रौढपणी ती निकामी असते असे नाही: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले, तर छातीची तत्सम शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस शाबूत असलेल्यांपैकी २.८ टक्के.

काही बालके थायमसशिवायच जन्मतात. संपूर्ण डायजॉर्ज लक्षणसमूह हा जन्मजात विकार त्याचे एक कारण. त्यांच्यासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये थायमस ऊतकाच्या रोपणास मान्यता मिळाली. हृदयशस्त्रक्रियेत वाट मोकळी करताना इतर बाळांच्या छातीतून काढावे लागलेले ऊतक प्रयोगशाळेत जोपासून रुग्णाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील पूर्वज पेशी मग मांडीतच परिपक्व होऊ लागतात, आणि त्या पुरेशा संख्येने रक्तात यायला सहा महिने ते वर्षभर लागते.